गिरगावातलं तिरकं घर: एका पावसाळ्यानंतर

दोन गल्ल्या तिरक्या मिळतात त्या कोपऱ्यावर आमची इमारत आहे. लाकडी सांगाड्याची, १ सप्टेंबर १९४० च्या आधीची, म्हणजे 'अ' वर्गातली उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणारी). घर पगडीचं, म्हणजे एकरकमी पगडी देऊन भाड्याने घेतलेलं. म्हाडाचं दुरुस्ती मंडळ बघतं ते इमारतीपुरतं, आतला खर्च ज्याचा त्याने. हॉल रस्त्याकडे रुंद आणि स्वयंपाकघराकडे निमुळता. एकाही कोपऱ्यात गुण्या (काटकोन तपासायचं सुताराचं साधन) बसत नाही. या घराचं आतून काम करून घेतलं. आता पावसाळा आणि दिवाळी दोन्ही पार पडली, म्हणून काय जमलं, काय फसलं ते लिहितोय.

पैसे खरे वसूल झाले ते सुतारकामात. एका इंटिरियरवाल्याने खोट्या भिंती घालून खोल्या चौकोनी करायचा नकाशा दिला होता. मुंबईत मोलाची जागा भिंतीमागे पुरायची? नाही म्हटलं. सुताराने पुठ्ठे कापून प्रत्येक कोपऱ्याचं माप घेतलं आणि भिंतीच्या कलानेच कपाट केलं: एका टोकाला दीड फूट खोल, दुसऱ्या टोकाला जेमतेम सहा इंच. उथळ खणात औषधं, चष्मे, मसाल्याच्या बाटल्या. खोल खणात डबे. तयार ट्रॉल्यांचं मॉड्युलर किचन मात्र अशा घरात विसरा. प्रत्येक ट्रॉलीशेजारी एक पाचर वाया जाते आणि तिथे झुरळं नांदतात.

भिंती चुन्यात बांधलेल्या विटांच्या. आधीच्या कुणी त्यावर सिमेंट थापलं होतं, त्यामुळे ओल आत कोंडून लोणा (क्षारांचा पांढरा थर) धरला होता. तो खरवडून चुन्याचा गिलावा केला. गवंडी मिळता मिळत नाही, थर पातळ द्यावे लागतात, वाळायची घाई चालत नाही. पण जुलैत पश्चिमेच्या भिंतीवर आलेली ओल पाऊस ओसरल्यावर आपसूक सुकली, एक पोपडा नाही. वरून चुन्याचीच सफेदी आहे, त्यामुळे पाठ टेकली की शर्ट पांढरा. पाहुण्यांना आधीच सांगतो.

खाली सागवानी तुळयांवर लादीकोबा (लाद्या आणि चुन्याच्या कोब्याची जुनी जमीन), म्हणून संगमरवराचं वजन चढवलं नाही. जुन्याच लाद्या पॉलिश केल्या, झकास दिसतात.

फसलं ते नहाणीचं काम. तुळयांची टोकं भिंतीत असतात, गळतीने तिथेच कुजतात, हे बजावून सांगितलं होतं. गळत नाही, खरंय. पण ठेकेदाराने उतार नेमका निमुळत्या टोकाकडे दिला आणि जाळी भलतीकडे. पाणी तिथे तुंबायचं, खराटाही पोचायचा नाही. आता दुसऱ्या गवंड्याकडून उतार फिरवून घेतलाय, त्याचे पैसे वेगळे.