फिरतं तारांगण आमच्या शाळेत: आकाश सुरेख, सूर्याच्या पट्टीवर मात्र खुणा हव्यात

नेर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत मी सातवी-आठवीला विज्ञान शिकवतो. मागच्या महिन्यात आम्ही फिरतं तारांगण बोलावलं. मुलामागे ४० रुपये, फुगवायचा काळा घुमट, आत सतरंजी, एका खेपेला तीसेक पोरं. आकाशदर्शन फारच छान झालं. मृग आणि कृत्तिका पोरांनी न सांगता ओळखल्या. दुसऱ्या खेपेला लाइन गेली, पंखा थांबला आणि घुमट हळूहळू डोक्यावर बसला. जनरेटर सोबत नव्हता, पाऊण तास गेला. आमच्या भागात येताना तो आणायलाच हवा.

पण मुख्य लिहायचंय ते शेवटच्या ‘सूर्य आणि हवामान’ या भागाबद्दल. बाहेर टेबलावर लॅपटॉप, त्यात हवामानाचं छोटं मॉडेल. दोन सरकपट्ट्या: एक सूर्याची, एक कार्बन डायऑक्साइडची. पट्टी सरकवा, तापमानाची रेघ हलते. कल्पना मला मनापासून आवडली. नवतपा, म्हणजे मे अखेरीचे ते कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला की दरवर्षी कोणीतरी विचारतंच, “सर, सूर्य जवळ येते का जी?” खरं तर पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते ती जानेवारीच्या सुरुवातीला, आपण शेकोटीजवळ बसतो तेव्हा. हे पोरांना स्वतः करून पाहता आलं तर किती बरं!

आठवीतल्या एकाने सूर्याची पट्टी थेट टोकाला नेली. रेघ सरकन वर गेली. तो म्हणाला, “म्हणजे सूर्यच जास्त तापून राहिला ना जी?”

पोरगं चुकलं नव्हतं, पट्टी चुकली होती. सादर करणाऱ्या दादांना विचारलं तेव्हा कळलं की ते टोक २ टक्क्यांचं आहे. सूर्य इतका वाढला तर कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्याइतकी उष्णता साचेल. खरा सूर्य डागांच्या ११ वर्षांच्या चक्रात जेमतेम ०.१ टक्का बदलतो, म्हणजे त्या टोकाचा विसावा भाग. पट्टीवर एकही आकडा नाही, मग पोरांना हे कसं कळणार?

मी फळा घेतला. सूर्याकडून पृथ्वीपाशी दर चौरस मीटरला १३६१ वॅट येतात, चक्रातला फरक साधारण १ वॅट. पृथ्वी गोल म्हणून चारने भागलं, ३० टक्के ऊन परत फिरतं ते वजा केलं. उरले ०.१७. माणसाच्या उद्योगांनी १७५० पासून घातलेली भर सुमारे २.७ वॅट. १९७८ पासून उपग्रह सूर्य मोजताहेत, त्यात चढता कल नाही आणि पृथ्वी तर तापत गेली. मग कागदी टेपचा बारीक तुकडा स्क्रीनवर चिकटवला, लाल पेनने ०.१ ची खूण केली आणि एका मुलीला पट्टी तिथवरच न्यायला सांगितली. ती रेघेकडे बघत राहिली. “काहीच नाही झालं, सर.” सबंध दिवसात मला सर्वांत जास्त आनंद देणारं वाक्य हेच.

आणखी एक उणीव. सूर्याचा अभ्यास करणाऱ्या आदित्य-एल१ या भारतीय यानाची फिल्म दाखवली, त्यावरची, पुण्याच्या आयुका या खगोलसंस्थेत घडलेली ‘सूट’ नावाची दुर्बीण दाखवली; पण ती अतिनील किरण टिपते याचा हवामानाशी संबंध सांगितलाच नाही. चक्रात अतिनील प्रकाश एकूण उन्हापेक्षा कितीतरी जास्त बदलतो आणि वातावरणाच्या वरच्या थरातला ओझोन तो शोषून तापतो. म्हणूनच आजची मोठी मॉडेलं सूर्याला एकच आकडा न धरता तरंगलांबीनुसार वेगवेगळा भरतात. आठवीच्या पोरांना हे दोन मिनिटांत समजतं.

दादा भले माणूस. त्यांनी वाद घातला नाही, फळ्याचा फोटो काढून नेला, पट्टीवर आकडे टाकतो म्हणाले. शाळांनी त्यांना जरूर बोलवावं, फक्त जनरेटरचं आधी ठरवून घ्यावं. आम्ही जानेवारीची तारीख दिली आहे. तो टेपचा तुकडा त्यांच्या स्क्रीनवर तसाच गेला.