पेट्रोल इंजिनचा कॉम्प्रेशन गेज: वर्षभर वापरल्यावर

सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते मोजणारा, साताऱ्यातल्या गॅरेजमध्ये वर्षभर रोजच्या कामाला असलेला हा आट्यांचा गेज, म्हणजे स्पार्क प्लगच्या जागी फिरवून बसवायचा. रबरी नळी, 300 पीएसआयपर्यंतची (पीएसआय म्हणजे दाबाचं एकक) डायल, 10, 12 आणि 14 एमएमचे अडॅप्टर. प्लगच्या भोकात रबरी टोक दाबून धरायचे स्वस्त गेजही मिळतात, पण त्यांच्या वाटेला जाऊ नये. हात जरा हलला की दाब गळतो.

इंजिन गरम आणि बॅटरी फुल हवी. सगळे प्लग काढा, कॉइल आणि इंजेक्टरचे कनेक्टर सोडवा. अडॅप्टर प्लगच्या भोकात हातानेच आवळा, पाना लावलात तर ॲल्युमिनियम हेडचे (सिलिंडरवरच्या झाकणाचे) आटे गेलेच समजा. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून काटा थांबेपर्यंत सेल्फ मारा, पाच-सहा झटके पुरतात. थ्रॉटल, म्हणजे हवेची झडप, बंद राहिली तर आत हवाच येत नाही आणि धडधाकट इंजिनही आजारी दिसतं.

काटा चढतो कसा, ते शेवटच्या आकड्याइतकंच बोलकं असतं. पहिल्या झटक्याला कमी आणि मग हळूहळू चढत गेला तर संशय पिस्टनच्या रिंगांवर. पहिल्यापासून कमी आणि तिथेच अडला तर व्हॉल्व्ह. समजा चार सिलिंडरचे आकडे 160, 155, 110, 158 आले. तिसऱ्यात चमचाभर, म्हणजे 5 मिली इंजिन ऑइल सोडून पुन्हा सेल्फ मारा. 140 पर्यंत उडी घेतली तर रिंगा किंवा बोअर (सिलिंडरची आतली भिंत), आकडा हललाच नाही तर व्हॉल्व्ह नाहीतर हेडखालचं गॅसकेट. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरचे आकडे पडले असतील तर आधी हेड गॅसकेटच बघा. स्कूटरचा सिलिंडर आडवा असतो, तेल खालीच साचतं, म्हणून तिथे ही तेलाची युक्ती फसवते.

सीएनजीवर पळालेल्या गाड्यांत व्हॉल्व्हची सीट झिजते, टॅपेटचा (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागाचा) गॅप संपतो आणि व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही. टॅपेट तपासल्याशिवाय कुणाला हेड उतरवू देऊ नका.

मॅन्युअलमधल्या आकड्याला चिकटून बसू नये. सातारा साधारण 700 मीटरवर, महाबळेश्वर 1,350 च्या आसपास. इथे 160 दाखवणारं इंजिन तिथे 148 च्या घरात येतं, कारण हवाच विरळ. सिलिंडरांची आपसात तुलना करा. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी यांत 10-15 टक्क्यांहून जास्त फरक असेल, तर इंजिनात काहीतरी आहे.

आता गेजची दुखणी. नळी सोडवताना अडॅप्टर प्लगच्या भोकातच अडकून राहतो. खोल भोकाच्या गाड्यांत तो काढताना घाम फुटतो. नळी आणि अडॅप्टरचा जोड आधी बाहेर पान्याने घट्ट करून घ्यायचा. दुसरं, नळीच्या टोकातल्या, दाब धरून ठेवणाऱ्या छोट्या व्हॉल्व्हची पिन कार्बनने चिकटते. पंक्चरवाल्याकडची टायरची पिन हुबेहूब बसते, पण तिची स्प्रिंग कडक असल्याने सगळेच सिलिंडर सारखे कमी दाखवतात. गेजचीच पिन मागवा. आणि डिझेलला हा गेज लावू नका, तिथला दाब 400 पीएसआयच्या आसपास असतो. डायल कायमची जाईल.