घडीची, उशीची, काडेपेटीची की पुठ्ठ्याची? भेटीसाठी कोणती कागदी डबी करावी

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तीस-चाळीस जणी येणार आणि प्रत्येकीच्या हातात तिळगूळ डबीत घालून द्यायचा, हा एक प्रश्न. एकाच मैत्रिणीला घरी केलेले कानातले द्यायचेत आणि त्याला साजेशी डबी हवी, हा अगदी वेगळा प्रश्न. पण दोघींच्या समोर व्हिडिओ तोच येतो, सगळ्यात देखण्या डबीचा. मग पहिली आदल्या रात्री उशिरापर्यंत फेव्हिकॉल वाळायची वाट बघत बसते. म्हणून डबी दिसायला कशी हवी हे मागाहून बघू. आत काय जाणार आणि नग किती, एवढं आधी ठरवा. घरी जमण्यासारखे मुख्य प्रकार चारच आहेत आणि त्यातले दोन या दोन उत्तरांवरच गळून पडतात.

घडीची डबी

एका चौरस कागदाच्या घड्या घालून होणारी, डिंक न लागणारी ही डबी. ओरिगामीत तिला मासू म्हणतात. जपानात तांदूळ मोजायचं चौकोनी लाकडी माप असतं, त्याचं हे नाव. आपल्याकडे मापटं असतं तसंच ते.

चौरसाचे चारही कोपरे मध्याशी आणायचे. समोरासमोरच्या कडा मध्यरेषेपर्यंत दुमडून परत उघडायच्या, मग दुसऱ्या जोडीच्याही. आता समोरासमोरचे दोन कोपरे पूर्ण उलगडायचे आणि लांब बाजूच्या दोन्ही भिंती उभ्या करायच्या. उलगडलेलं टोक वर उचलून आत घेताना दोन्हीकडच्या तिरक्या घड्या बोटाने आत ढकलायच्या, की तिसरी भिंत आपोआप उभी राहते. नव्याने करणारीचा हात अडतो तो इथेच, आणि कारण बहुतेक वेळा एकच असतं: आधीच्या घड्या नखाने घोटलेल्या नसतात. घोटलेली घडी आपली जागा स्वतः शोधते. एकदा हात बसला की एक डबी चार-पाच मिनिटांत होते आणि गप्पा मारता मारता होते.

मापाचं गणित सोपं आहे. तळाची बाजू चौरसाच्या साधारण ३५ टक्के आणि उंची त्याच्या निम्मी. ए-फोर कागदातून २१ सेंटिमीटरचा चौरस निघतो, म्हणजे तळ सुमारे ७.४ आणि उंची ३.७ सेंटिमीटर. तीन सेंटिमीटर जाडीचे चार तिळाचे लाडू त्यात नेमके बसतात. झाकणही असंच करायचं, पण खालच्या डबीचा चौरस झाकणापेक्षा अर्धा सेंटिमीटर लहान घ्यायचा. दोन्ही एकाच मापाचे घेतले तर झाकण बसत नाही आणि जोर केला की कोपरा फाटतो.

कागद ८० ते १२० जीएसएमचा घ्या (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन). दीडशेच्या वर गेलात की कोपऱ्यात कागदाचे थर साठतात आणि डबी तोंड मिटत नाही. घोटीव कागद दिसायला छान, पण भिंत लेचीपेची होते. तो वापरायचाच तर आतून साध्या कागदाचं अस्तर धरून दोन्ही एकत्र दुमडा. तळाशी चारही टोकं एकत्र येतात आणि जरा वर उचकटतात, तिथे चौकोनी तुकडा टाकला की झालं.

काडेपेटीची डबी

आत सरकणारा खण, बाहेर खोळ. माझं मत विचाराल तर एकट्या-दुकट्या भेटीसाठी यासारखी डबी नाही. खण बाहेर ओढताना वस्तू हळूहळू दिसत जाते, आणि सजवायला वरची सपाट बाजू पूर्ण मोकळी मिळते.

कानातल्यांसाठी ७ बाय ५ सेंटिमीटरचा, अडीच सेंटिमीटर उंच खण पुरतो. त्याला १२ बाय १० चा तुकडा लागतो. चारही बाजूंनी अडीच सेंटिमीटरवर घडी, प्रत्येक कोपऱ्यात एक काप, आणि तयार झालेला चौकोनी कान आत चिकटवायचा. खोळीसाठी ७ बाय १६.८ चा तुकडा: दोन बाजू ५.१५ च्या, दोन २.६५ च्या आणि चिकटवायला १.२ ची पट्टी. ते वरचे दीड मिलिमीटरच इथे महत्त्वाचे. खोळ खणाच्या नेमक्या मापाची केली तर खण अडकतो, तीन मिलिमीटर मोकळी ठेवली तर डबी उभी धरताच खण सुटून जमिनीवर. या मापांनी ए-फोर कार्डशीटमध्ये दोन अख्ख्या डब्या बसतात: वर खणाचे दोन तुकडे शेजारी-शेजारी, खाली खोळीचे दोन, सगळ्यांची लांब बाजू कागदाच्या लांबीत. घडीच्या डबीला तेवढीच एक डबी आणि झाकण करायला दोन कागद लागतात.

कार्डशीट २०० ते २५० जीएसएमचं. ते नुसतं दुमडलं तर घडी फुटते आणि आतला पांढरा रंग दिसतो. रिफिल संपलेल्या बॉलपेनने पट्टी धरून आधी रेघ दाबून घ्या, मग दुमडा. कागदाला एक ग्रेन असतो, म्हणजे तंतूंची दिशा. त्या दिशेत घडी सरळ पडते, आडवी घातली की कुरकुरते. शीट दोन्ही बाजूंनी हलकं वाकवून बघितलं की जी बाजू निमूट वाकते ती कळते. वर सांगितलेल्या मांडणीत खोळीच्या घड्या ग्रेनला आडव्या पडण्याचा संभव जास्त, म्हणून तिथे रेघ दोनदा ओढा.

तोटा वेळेचा. आखणी, कापणी, घडी, चिकटवणं, वाळवणं. पाच डब्या आनंदाने होतात. चाळीस करायच्या तर घरातल्या सगळ्यांना कामाला लावावं लागतं, आणि कापणारी माणसं बदलली की मापंही बदलतात.

उशीची डबी

दोन्ही टोकांना गोलाईची घडी असलेली, मधे फुगीर. कार्यक्रमांत ही हल्ली फार दिसते. एकच जोड असतो, सपाट ठेवता येते आणि ऐनवेळी फुगवता येते, त्यामुळे शंभर करून ठेवल्या तरी जागा अडत नाही. पण मला ती फारशी पटत नाही. आत कुठलीही बाजू सपाट नाही, वस्तू घरंगळते, आणि काटेरी हलवा घातला तर टोक उघडताच निम्मा हातावर, निम्मा खाली. रुमाल, धाग्याचं ब्रेसलेट, दुमडलेली नोट अशा मऊ वस्तूंना ठीक. गोल घडीसाठी वाटीची कड धरून बॉलपेन फिरवा. मोकळ्या हाताने काढलेल्या गोलाईवर टोक नीट बसत नाही.

पुठ्ठ्याची डबी

दीड-दोन मिलिमीटरच्या ग्रे बोर्डाचे, म्हणजे राखाडी कडक पुठ्ठ्याचे, तुकडे जोडायचे, वरून हातकागद चढवायचा. ही डबी फेकली जात नाही, आत पुढे सुया, बटणं, औषधाच्या पट्ट्या येतात. तेव्हा भेट म्हणून डबीच द्यायची असेल तर हा खटाटोप करा. आत पन्नास ग्रॅम हलवा घालायला नको.

पुठ्ठा वाकतो, हे यातलं खरं दुखणं. एकाच बाजूला कागद चिकटवला की वाळताना तो पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढतो. आतूनही कागद लावला की दोन्ही ओढी सारख्या होतात. मग जड पुस्तकांखाली रात्रभर दाबून ठेवायचं. पावसाळ्यात एक रात्र पुरत नाही. झाकण प्रत्येक बाजूला दीड मिलिमीटर तरी सैल ठेवा, कारण चिकटवलेला हातकागद ती जागा खातो. आणि बाइंडरकडून खळ आणणार असाल तर विचारून घ्या: कीड लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद घालतात, आणि ते विषारी असतं. वह्यांना चालतं, खाऊच्या डबीला मुळीच नाही.

मग कोणती?

हळदीकुंकवाला घडीची. यात मला शंका नाही. चिकटवणं नाही म्हणजे वाळवणं नाही, एखादी बिघडली तर गेला एक कागद, आणि शेजारची मुलंही मदतीला बसवता येतात. झाकणाचा कंटाळा असेल तर उघडीच ठेवा, तिळगूळ वरून दिसलेला बराच. मात्र तुपाचा हात लागलेली वडी असेल तर कागदावर डाग उमटतो, तेव्हा आत बटर पेपर किंवा मिठाईचा छोटा कागदी कप हवाच. जुन्या कॅलेंडरच्या पानांची डबी सुरेख होते, पण छापील बाजू खाऊला लागू देऊ नका. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या पॅकेजिंग नियमांनी वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधायला मनाई केली, ती छपाईच्या शाईमुळेच.

नव्या सुनेचे किंवा बोरन्हाणाचे हलव्याचे दागिने ठेवायचे असतील तर चारही प्रकार थोडे बदलावे लागतात. हार पसरट, मुकुट उंच आणि सगळंच नाजूक. इथे मी पुठ्ठ्याच्या बाजूने. उथळ, मोठी डबी, आत कापसाचा थर. कार्डशीटचा मोठा खण मधे झोल देतो आणि धाग्यावरचा हलवा तुटतो.

कानातले, अंगठी, साबणाची वडी, चार-सहा चॉकलेटं यांना काडेपेटीची. राखी टपालाने पाठवायची असेल तर कुठलीच डबी करू नका, जाड कार्डावर शिवून पाकिटात घाला. हातात देणार असाल तर पुन्हा काडेपेटीच, अक्षता आणि कुंकवाची पुडी खणाच्या एका टोकाला आडोसा करून ठेवता येते.

कागद आणि सजावट

पुण्यात अप्पा बळवंत चौक आणि मुंबईत अब्दुल रहमान स्ट्रीट, इथे कार्डशीटपासून लेसपर्यंत सगळं एका फेरीत मिळतं. हातकागदासाठी पुण्याला शिवाजीनगरची हातकागद संस्था १९४० पासून आहे. सुती चिंध्यांचा लगदा करून केलेला तो कागद मऊ असतो, घडीला फुटत नाही. पुठ्ठ्यावर चढवायला उत्तम, काडेपेटीला मात्र एकटा लेचापेचा पडतो.

सजावट कागद सपाट असतानाच उरकावी. उभ्या डबीवर ठसा मारायला गेलं की भिंत आत जाते आणि छाप अर्धवट उमटतो. भेंडी आडवी कापून पोस्टर कलरमध्ये बुडवून मारलेले ठसे खाकी कागदावर विकतच्या स्टिकरांपेक्षा शंभर पटींनी उठून दिसतात. पांढऱ्या रंगाने वारली आकृत्याही छान, फक्त घडीच्या रेघेवर आकृती येऊ देऊ नका, रंग तिथेच आधी उडतो. खाऊच्या डबीला चमकी नको, ती लाडवालाही लागते. काडेपेटीला जुन्या साडीचा जरीकाठ लावणार असाल तर तो फक्त खोळीवर, बाहेरून. खणाच्या बाजूला लावलात तर जाडी वाढून तो सरकणं बंद.

जुन्या लग्नपत्रिका मात्र टाकू नका. त्यांचा जाड कागद काडेपेटीला फुकटात मिळालेलं कार्डशीट आहे, आणि आतली कोरी बाजू बाहेर घेतली की कुणाच्या लग्नाची होती हेही कळत नाही. गणपतीचं चित्र कापायला बहुतेकांना नको वाटतं. ते अख्खं बाजूला काढा आणि पुठ्ठ्याच्या डबीच्या झाकणावर चिकटवा, तिथे ते शोभतंही आणि कात्रीखालीही येत नाही.