महाल की सदर? आधी घड्याळ बघा

पुण्या-मुंबईचा पाहुणा नागपुरात उतरला की संध्याकाळी हमखास विचारतो, "जेवायला जुन्या शहरात जाऊ की सदरला?" मी उलट विचारतो, वाजले किती? सात-साडेसात असतील तर महाल, म्हणजे जुनं शहर. साडेनऊ होऊन गेले असतील तर सदर. उलटं केलंत तर दोन्हीकडे हिरमोड.

महाल-इतवारी हे भोसल्यांचं नागपूर. इथला माणूस लवकर जेवतो आणि दुकानाचं शटर त्याच्याही आधी पडतं. पण त्या दोन तासांत जे मिळतं ते सदरला शोधून सापडणार नाही. मेट्रोनं चितारओळीला उतरा. गणपतीच्या आधीचे दिवस असतील तर पाय तिथंच अडतील. फळीवर ओळीनं मूर्ती, वर लोंबता बल्ब आणि एखादा कारागीर श्वास रोखून डोळे रेखतोय. नागपूरचं खरं नाइटलाइफ माझ्या मते हेच, पण तुम्हाला भूक लागली असेल.

बडकस चौकातून केळीबाग रोडला वळलात की बदलतं महाल दिसतं. रस्ता रुंद करताना वाडे अर्धे कापले गेले. एका उघड्या पडलेल्या भिंतीवर निळ्या चुन्यातला कोनाडा अजून तसाच आहे, खाली मोबाइल कव्हरची गाडी. असं काही दिसलं की वाईट वाटतं, आणि त्याच रस्त्यावरून स्कूटर सुरळीत निघते तेव्हा बरंही वाटतं.

जेवायला सावजी. ही मूळची कोष्टी विणकरांची चूल, म्हणून जुन्या खानावळी विणकरांच्या वस्त्यांतच, इतवारी-गोळीबार चौकाच्या बाजूला. मटण, खूर, मुंडी, वजरी. रस्सा काळपट, वर बोटभर तर्री. वाढणारा विचारेल, "तर्री टाकू का जी?" पहिल्यांदा खात असाल तर "कमी" म्हणा, त्यात कमीपणा नाही. तिखट जिभेला लगेच कळत नाही, दुसऱ्या भाकरीला कानात पोहोचतं. शाकाहाऱ्यानं डाळकांदा किंवा पाटोडी-रस्सा मागवावा. तिखटातून त्याचीही सुटका नाही. बसायला साधी बाकडी, निवांतपणा शून्य. जुन्या खानावळी पुरुषी वळणाच्या. बायकामुलं सोबत असतील तर 'फॅमिली'ची सोय आहे का, ते आधी विचारून घ्या. एकदा आम्ही न विचारता गेलो आणि बायको, मी आणि मुलगी जिन्याखालच्या टेबलावर, गॅस सिलिंडरच्या शेजारी जेवलो. मटण मात्र अफाट होतं.

महालला अपवाद एकच, रमजान. त्या महिन्यात जुन्या शहरातला मोमीनपुरा मध्यरात्रीनंतरही जागा असतो. तेव्हा सदरचा विचारच करू नका.

आता सदर. १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर शहराची सूत्रं इंग्रज रेसिडेंटाकडे गेली. इथल्या मुख्य रस्त्याचं नाव अजूनही रेसिडेन्सी रोड. बार, बिर्याणी, चायनीज, कबाब, बेकरी सगळं चालत जाण्याच्या अंतरावर, आणि उशिरापर्यंत. चार मित्र आहेत, दोघांना प्यायचंय, एक शाकाहारी, एकाला नुसत्या गप्पा मारायच्यात, अशा टोळक्याला सदरच सोयीचं. एसी असतो, आणि मे महिन्यात ती चैन राहत नाही, गरज होते. उड्डाणपूल झाल्यापासून मात्र खालचा रस्ता कोंदटला; फुटपाथवर उभं राहून गप्पा मारायची मजा गेली. जेवण चांगलं मिळतं, फक्त ते 'नागपूरचं' असेलच असं नाही. बटर चिकन खायला नागपूरला कशाला यायचं?

धरमपेठ-गोकुळपेठ? कॅफे हवा असेल तर जा. कोणत्याही शहरात असतो तसाच आहे.

गाडीचं म्हणाल, तर महालात कार नेऊच नका. मेट्रोनं जा, पण ती रात्री दहाच्या सुमारास आटोपते, म्हणून परतीला ऑटो. सदरला कार चालेल, जागेसाठी दोन चकरा धरून.

एकच रात्र हाताशी आहे आणि गाडी सकाळची? तर सात वाजता महाल, सावजीवर पोटभर जेवण, मग खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) नको म्हणत साधं पान, आणि तरीही जाग असेल तर सदरला आइस्क्रीम. सावजीनंतर ते लागतंच.