पाय धडधाकट, तोल बेभरवशाचा : व्हर्टिगो असणाऱ्या प्रवाशाच्या नजरेतून विमानतळावरील व्हीलचेअर सेवा

मला गेली सहा वर्षे व्हर्टिगोचा, म्हणजे सारे काही गरगर फिरत असल्याचा भास होण्याचा, त्रास आहे आणि माझे दोन्ही पाय ठणठणीत आहेत. विमानतळावरच्या व्हीलचेअर सेवेविषयी लिहिताना या दोन्ही गोष्टी आधीच सांगणे भाग आहे, कारण पुढे केलेले कौतुक आणि पुढे मांडलेली तक्रार, दोन्हींचे मूळ तिथेच आहे. यंदाच्या सुट्टीत मी आणि माझी बहीण जाता-येता मिळून चार विमानांत बसलो आणि चारही वेळा मी ही सेवा घेतली. विमान कंपनीचे नाव मी लिहीत नाही. विमानतळ बदलला की खुर्ची ढकलणारी माणसे आणि त्यांची पद्धत बदलते, त्यामुळे बऱ्यावाईटाचे माप एकाच कंपनीच्या पदरात घालणे योग्य होणार नाही. एकूण सेवेला मी पाचपैकी साडेतीन गुण देईन. कापलेला दीड गुण माणसांचा नसून व्यवस्थेचा आहे.

माझा प्रकार बीपीपीव्ही या नावाने ओळखला जातो. आतील कानात कॅल्शियम कार्बोनेटचे अतिसूक्ष्म स्फटिक असतात. ते आपल्या जागेवरून सुटून अर्धवर्तुळाकार नलिकेत शिरले की डोके विशिष्ट दिशेला हलताच तिथला द्रव नको तसा ढवळला जातो आणि मेंदूला आपण गरगर फिरत असल्याचा खोटा निरोप मिळतो. झटका बहुधा मिनिटभराच्या आत ओसरतो, पण त्या मिनिटात जमीन, भिंती आणि समोरची माणसे एका बाजूला वाहत जातात. अंथरुणात कूस बदलणे, वरच्या फळीकडे मान वर करून पाहणे, चपलेचा पट्टा लावायला वाकणे आणि दंतवैद्याच्या खुर्चीत मागे रेलणे या चार हालचाली मी फार जपून करते. मेनिएर (आतील कानाचा आणखी एक विकार) किंवा व्हेस्टिब्युलर मायग्रेन (चक्कर आणणारी अर्धशिशी) असणाऱ्यांचे झटके याहून बराच वेळ टिकतात, त्यामुळे त्यांच्या गरजा काही बाबतींत वेगळ्या असतील. चालण्यातला भरवसा जाणे मात्र आम्हा सर्वांच्या वाट्याला येते. गर्दीत मागून कोणाचा धक्का बसला, सरकत्या पट्ट्यावर पाऊल ठेवले किंवा चकचकीत फरशीवर दिव्यांची प्रतिबिंबे हलू लागली की पाय कितीही मजबूत असले तरी आधार शोधावा लागतो. एवढ्यासाठीच मी खुर्ची मागते आणि त्यात मला आता संकोच वाटत नाही.

तिकीट काढतानाच मदतीची नोंद करता येते. निदान ४८ तास आधी कळवावे असे बहुतेक ठिकाणी सांगितले जाते आणि ते पाळणे हिताचे असते. विमान कंपन्यांच्या नोंदींत यासाठी तीन संकेत वापरतात. जिना चढू शकणाऱ्या आणि विमानात स्वतः चालू शकणाऱ्या प्रवाशासाठी डब्ल्यूसीएचआर, जिना न चढू शकणाऱ्यासाठी डब्ल्यूसीएचएस आणि आसनापर्यंतही नेऊन बसवावे लागणाऱ्यासाठी डब्ल्यूसीएचसी. तिन्ही प्रश्न पायांचे आहेत. मला जिना चढता येतो, पण विमानाच्या दारापर्यंत जाणारी उघडी, हलती शिडी वर पाहत चढता येत नाही, आणि हे लिहायला अर्जात जागा नव्हती. पहिल्या वेळी मी प्रामाणिकपणे ‘जिना चढता येतो’ असे लिहिले आणि बसमधून उतरल्यावर मला तशाच शिडीपाशी सोडण्यात आले. बहिणीने पुढे राहून माझे दोन्ही हात आपल्या खांद्यांवर ठेवले आणि मी तिच्या पाठीवरची एक शिवण पाहत वर गेले. पुढच्या तिन्ही उड्डाणांसाठी मी दुसरा संकेत मागून घेतला आणि माझ्यासारख्या प्रत्येकाला तोच सुचवीन.

पण त्याच दिवशी त्याआधी जे घडले ते अधिक महत्त्वाचे आहे. खुर्ची घेऊन आलेला तरुण अतिशय नम्र होता आणि घाईत होता. एका दारापाशी जमिनीत दोन बोटे उंचीचा उंबरा होता. त्याने शिकवल्याप्रमाणे मागच्या दांड्यावर पाय दाबला, मुठी खाली ओढल्या आणि पुढची चाके अलगद उचलली. उंबरा ओलांडण्याची तीच योग्य पद्धत आहे, त्यात त्याची काहीही चूक नव्हती. पण खुर्ची मागे झुकली, तिच्याबरोबर माझे डोके मागे गेले, आणि दोन-तीन सेकंदांनी छतावरच्या दिव्यांची ओळ उजवीकडे घसरू लागली. मी हातांची पकड घट्ट केली, डोळे बहिणीच्या पर्सच्या पितळी कडीवर रोखले आणि तोंडातून शब्द फुटेपर्यंत त्याने खुर्ची लिफ्टसमोर नेऊन अर्धे वर्तुळ फिरवून उलटी आत ओढली होती. लिफ्टमध्ये अशी उलटी नेणे सुरक्षित मानतात हे मला नंतर समजले. पाय मोडलेल्या माणसाला त्याचे काहीच वाटणार नाही. तोल सांभाळणाऱ्या इंद्रियाचाच बिघाड असलेल्या माणसाला मात्र मागे झुकवणे, पाठमोरे ओढणे आणि न सांगता वळवणे, ही सारी झटक्याला दिलेली निमंत्रणे आहेत. तो बिचारा घाबरून पाणी घेऊन आला. त्याला कोणी हे सांगितलेच नव्हते, आणि मीही नाही.

दुसऱ्या उड्डाणाच्या वेळी मी बसण्यापूर्वीच तीन गोष्टी सांगितल्या : मागे झुकवू नका, पाठमोरे ओढू नका, वळण्याआधी सांगा. या वेळच्या बाईंनी त्या नुसत्या ऐकल्या नाहीत, तर दोन्ही हातांनी खुर्ची कशी फिरवीन ते हवेत दाखवून खात्री करून घेतली. उंबरा आला तिथे त्या थांबल्या, मला उतरायला लावले, रिकामी खुर्ची पलीकडे नेली आणि पुन्हा बसवले. प्रत्येक वळणाआधी त्या ‘आता डावीकडे’ किंवा ‘आता उजवीकडे’ असे शांतपणे म्हणत होत्या. ऐकायला हे किरकोळ वाटेल, पण कोणत्या बाजूला वळायचे ते आधी कळले की मेंदूची तयारी होते. गाडी चालवणाऱ्याला सहसा गाडी लागत नाही आणि शेजारी बसलेल्याला लागते, त्यामागे हेच आहे. त्या विमानतळावर मला एकदाही गरगरले नाही.

सुरक्षा तपासणीबद्दल थोडेसे. बूट काढायला वाकावे लागते, म्हणून पाय नुसता सरकवता येईल अशी पादत्राणे घालावीत. हात वर करून आधाराविना उभे राहणे जमणार नसेल तर तसे आधी सांगावे, बसल्या जागी हाताने तपासणी करतात. चारपैकी चारही ठिकाणी हे विनातक्रार झाले. प्रतीक्षेची जागा मात्र दोनदा वाईट निघाली. एकदा मला सरकत्या पट्ट्याकडे तोंड करून चाळीस मिनिटे ठेवले गेले. डोळ्यांसमोरून एकसारखी माणसे सरकत राहिली की शरीर स्थिर असूनही आपणच सरकत आहोत असे वाटते. खुर्ची मला स्वतःला फिरवता येण्याजोगी नव्हती, मोठ्या चाकांऐवजी लहान चाकांची होती. बहीण नसती तर मी डोळे मिटून बसले असते, आणि डोळे मिटणे हा तोल बिघडलेल्या माणसासाठी उपाय नव्हे.

या सेवेचा सर्वांत मोठा लाभ म्हणजे सर्वांआधी विमानात प्रवेश. मोकळ्या मार्गिकेतून आसनांच्या पाठी धरत सावकाश जाता येते आणि सामान वर ठेवण्यासाठी मान वर करण्याची वेळ येत नाही, कारण सोबतच्या माणसाला ते निवांत करता येते. आसन पंखांच्या पातळीवरचे घ्यावे. विमान तिथल्या आसपासच्या बिंदूभोवती डुलत असल्याने हेलकावे शेपटीच्या मानाने कमी जाणवतात. उड्डाणाच्या वेगाने माझे शरीर प्रत्यक्षाहून जास्त मागे झुकल्याचा भास होतो आणि थोड्या वेळाने वेग घटला की विमान खाली जात असल्याचा. हा भास निरोगी कानांनाही होतो हे समजल्यापासून माझी भीती निम्मी झाली. विमान वळत असताना मान न हलवणे, एवढे पथ्य मी पाळते.

सोबत मी दाब नियंत्रित करणारे कानातले बोळेही वापरून पाहिले. ते कानाच्या पडद्यावर होणारा दाबाचा बदल सावकाश करतात, मधल्या कानातला दाब मात्र गिळण्याने किंवा जांभईनेच जुळतो, म्हणून विमान उतरताना झोपू नये. दोन कानांतला दाब असमान राहिला तर त्यानेही चक्कर येऊ शकते. माझ्या स्फटिकांशी हवेच्या दाबाचा थेट संबंध नाही, त्यामुळे बोळ्यांनी माझा व्हर्टिगो कमी झाला असे मी म्हणणार नाही. कान दुखले नाहीत आणि इंजिनाचा आवाज मंदावला, हे खरे. चक्कर दाबणाऱ्या गोळ्या मी डॉक्टरांच्या सल्ल्याने हातातल्या पिशवीत ठेवल्या होत्या आणि एकदाच घेतल्या. त्या रोज घेत राहिल्यास मेंदूचे तोलाशी जुळवून घेणे मंदावते, असे मला बजावलेले आहे.

सुट्टी छान गेली. पहिला दिवस पूर्ण विश्रांतीचा ठेवला, उशा दोन मागून घेतल्या आणि रात्री न्हाणीघरातला दिवा चालू ठेवला.

परतीच्या शेवटच्या उतरणीला खुर्ची आलीच नाही. विमान रिकामे झाले, सफाईची माणसे आली, आम्ही पस्तीस मिनिटे आसनांवर बसून होतो. कर्मचाऱ्यांनी तीनदा फोन केले आणि मनापासून क्षमा मागितली. थकलेल्या अवस्थेत एवढी वाट पाहणे जड गेले, तरी चालत निघण्याचा आग्रह कोणी केला नाही याचे समाधान वाटले. शेवटी आलेल्या काकांनी सामानाच्या पट्ट्यापाशी पोचल्यावर न सांगता खुर्ची फिरवली आणि मी दचकले. पण त्यांनी ती पट्ट्याकडे पाठ करून भिंतीसमोर लावली, चाकांना अडसर घातला आणि म्हणाले की फिरणाऱ्या पट्ट्याकडे पाहून माझ्या पत्नीलाही असेच होते.

घरी आल्यावर मी कंपनीला पत्र लिहिले. अर्जात ‘जिना चढता येतो का’ या प्रश्नाखाली ‘तोल जाण्याचा त्रास आहे का’ एवढा एकच प्रश्न वाढवावा आणि उत्तर होकारार्थी असल्यास ती नोंद खुर्ची आणणाऱ्याच्या हातातल्या कागदावर छापावी, अशी विनंती केली. पत्राची पोच मिळाली आहे. अर्ज परवा उघडून पाहिला, त्यात अजून तेच तीन पर्याय आहेत.