औषधाची मच्छरदाणी : आठ महिन्यांनंतर

आठ महिन्यांपूर्वी आमच्या घरात कीटकनाशक लावलेल्या दोन मच्छरदाण्या आल्या. दोन माणसांमागे एक असा हिशेब सांगतात; आम्ही सातजण. पहिल्या रात्री दोन्ही बांधल्या गेल्या पुरुषांच्या अंथरुणावर, कारण त्यांना पहाटे कामाला जायचं. धाकटी जाऊ सहा महिन्यांची गरोदर आणि तिचं दोन वर्षांचं लेकरू, दोघं उघड्यावर. कुणाला त्यात वावगं वाटलं नाही, आणि हेच मला आजही सलतं. गरोदरपणात हिवताप झाला तर आईचं रक्त कमी होतं, बाळ कमी वजनाचं जन्मतं, हे मी दीरांना दोनदा सांगितलं. उपयोग झाला नाही. आरोग्यसेविका सासूबाईंशी बोलल्या, आणि त्याच संध्याकाळी एक मच्छरदाणी जावेच्या खोलीत गेली. घरात शब्द कुणाचा चालतो, ते आधी ओळखायला हवं होतं.

सुरुवातीला डोळे चुरचुरले. पिशवीतून काढून एक दिवस सावलीत पसरायची असते, ते आम्ही केलं नव्हतं. सासूबाईंना पांढऱ्या जाळीत झोपणं म्हणजे प्रेतावर कापड घातल्यासारखं वाटायचं. तिसरी निळी आणली, तेव्हा त्या आत झोपू लागल्या.

टिकाऊपणा चांगला आहे. साधारण 20 धुण्यांपर्यंत, म्हणजे तीनेक वर्षं औषधाचा असर राहतो म्हणतात. मी मात्र आधी दर पंधरवड्याला धुवून उन्हात वाळवायचे. आता तीन महिन्यांतून एकदा, साध्या साबणाने, सावलीतच.

खरी अडचण उकाड्याची. आत वारा लागत नाही, म्हणून सगळे बाहेर झोपतात आणि जाळी खोलीत रिकामी लटकते. आम्ही खाटेला चार काठ्या बांधल्या, तेव्हा कुठे ती अंगणात आली. थंडीत डास दिसेनात म्हणून घडी घालून ठेवली होती. पण हिवतापाला बाधित डासाचा एक चावाही पुरतो, म्हणून पुन्हा काढली. रोज संध्याकाळी कडा गादीखाली खोचायचं काम माझ्याच वाट्याला येतं. मी माहेरी गेले तेव्हा चार रात्री कुणीच खोचली नाही.

डेंग्यूचा डास दिवसा चावतो, त्यामुळे लेकराला दुपारीही आतच निजवतो. मामंजी रात्री राखणीला शेतावर असतात. तिथे काय बांधावं, ते अजून जमलेलं नाही.