एका तव्यातलं रात्रीचं जेवण: मटण, चिकन की पनीर?

मुरवलेल्या मांसाचा जाड तुकडा तव्यावर खरपूस भाजायचा, त्याच तव्यात भाज्या परतायच्या आणि तवा तसाच टेबलावर आणायचा. परदेशी व्हिडिओंत हा बेत बीफ स्टेकचा असतो. नळाला रोज पाणी न येणाऱ्या आपल्या सोलापुरात तो आवडण्याचं आणखी एक कारण आहे: घासायला एकच भांडं पडतं. पण स्टेकच्या जागी घालायचं काय, इथंच गाडी अडते.

महाराष्ट्रात २०१५पासून गायीबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आहे. म्हशीच्या मांसाला ती लागू नाही. ज्या घरात ते चालतं, त्यांनी खाटकाकडे ‘अंडरकट’ मागावा. कण्याच्या आतल्या बाजूची ती लांबट, मऊ पट्टी असते आणि मूळ पाककृती तिच्यावर जवळपास जशीच्या तशी करता येते. बाकीच्यांसाठी निवड उरते बोकडाचं मटण, चिकन आणि पनीर यांच्यात.

माझं मत आधीच सांगून टाकते. मधल्या वारी चिकनची मांडी, रविवारी मटणाच्या चापा, आणि घरात एक जण जरी न खाणारा असेल तर सगळ्यांनाच पनीर. हे मी चवीवरून ठरवलेलं नाही. चवीवरून ठरवायचं तर सोलापुरात मटणापुढे कोण उभं राहणार? पण एका तव्यात मांस आणि भाजी सोबत करायची तर दोघांचा वेळ जुळावा लागतो. नाही जुळला तर एकीकडे मटण वातड राहतं आणि दुसरीकडे ढोबळी मिरचीचा लगदा होतो.

मटण: तुकडा चुकला की सगळं चुकलं

आपलं मटणातलं सगळं कसब रस्सा आणि सुक्क्यावर पोसलेलं आहे. दुकानात उभं राहिलं की पहिला प्रश्न येतो, “ताई, रस्स्याला देऊ का सुक्क्याला?” या दोन्हींत न बसणारं काही मागितलं तर मामांचा सुरा हवेतच थांबतो. तेव्हा स्टेक वगैरे शब्द घरी ठेवावा आणि सरळ सांगावं, “मामा, तव्यावर भाजायचंय. लहान बोकडाच्या चापा द्या, बोटभर जाड ठेवा. नाहीतर पाठीचं, बिनहाडाचं.”

पाठीचंच का? मांडी आणि खांदा म्हणजे जनावराचे राबणारे स्नायू. त्यांत जोडणाऱ्या तंतूंचं जाळं दाट असतं आणि ते विरघळून मऊ व्हायला ओलसर आच, वेळ किंवा कुकरच्या शिट्ट्या लागतात. तव्यावरच्या दहा-बारा मिनिटांत ते होत नाही, उलट आकसून आणखी घट्ट होतं. पाठीच्या मांसाला चालण्या-चढण्याचं काम कमी, म्हणून ते कमी वेळात खाण्याजोगं होतं. चापांना बरगडीचं हाड आणि कडेची चरबी असते. ती चरबी तव्यावर सुटली की त्यातच पुढे कांदा परतता येतो. मला यासाठी चापाच जास्त आवडतात, बिनहाडाच्या तुकड्यापेक्षा कितीतरी.

दुसरी गोष्ट ताजेपणाची. रविवारी सकाळी कापलेलं मटण दुपारच्या आत कुकरमध्ये जातं आणि तिथं ते चालून जातं. तव्यावर चालत नाही. कापल्यावर काही तासांत स्नायू आखडतात आणि ते सैल पडायला थंडाव्यात साधारण एक दिवस जातो. म्हणून शनिवारी सकाळी आणायचं, धुऊन कोरडं करायचं, मीठ लावून झाकून फ्रिजमध्ये ठेवायचं आणि रविवारी रात्री तव्यावर घ्यायचं. “शिळं मटण” म्हणून सासूबाई नाक मुरडतील, मुरडू द्यावं. एकाच दुकानातल्या, एकाच दिवशी कापलेल्या चापा आणल्या दिवशी निम्म्या आणि दुसऱ्या दिवशी निम्म्या भाजून बघा, वाद मिटेल.

कच्च्या पपईचा कीस हा खात्रीचा उपाय, पण हात आवरून. अर्ध्या किलोला एक लहान चमचा, आणि तोही तासभरच. पपईतलं पपेन मांसाचे तंतू तोडतं. जास्त वेळ राहिलं तर बाहेरचा थर पिठूळ होतो आणि आतलं आहे तसंच राहतं. दही रात्रभर चालतं, ते सौम्य असतं. मात्र दोन्ही प्रकारांत तव्यावर टाकण्याआधी वरचा लेप पुसून काढायचा. हे का, ते पुढे येतंच.

आतून गुलाबी ठेवण्याची परदेशी पद्धत आपल्याकडे फारशी कुणाला पचत नाही. न्यायचंय ते पूर्ण शिजेपर्यंतच, तर जाडी बोटाहून जास्त नको. चापा दोन्ही बाजूंनी मोठ्या आचेवर तीन-तीन मिनिटं, मग गॅस बारीक करून झाकण ठेवून आणखी पाच-सहा. बिनहाडाचा तुकडा असेल तर वाढताना तंतूंच्या आडव्या दिशेने पातळ काप करावेत. एवढ्यानेच चावायला निम्मं सोपं होतं.

मटणाच्या विरोधात दोन मुद्दे. भाव ब्रॉयलर चिकनच्या तिपटीच्या आसपास, त्यात चापांमध्ये हाडाचं वजन आलंच. आणि आदल्या दिवशी आठवण हवी. संध्याकाळी सातला सुचलेला हा बेत नव्हे.

चिकन: सांभाळून घेणारं

बिनहाडाची मांडी घ्या, छाती नको. व्हिडिओत छातीचे तुकडे देखणे दिसतात, पण त्यात चरबी जवळजवळ नसते आणि दोन मिनिटं जास्त झाली की कोरडं पडतं. मांडीत चरबी आहे, ती चूक पोटात घालते. फोन आला, दूधवाला आला, तव्याकडे दुर्लक्ष झालं, तरी मांडी खाण्यालायक राहते. छातीच हवी असेल तर मधून आडवी चिरून उघडायची आणि लाटण्याने हलकं ठोकून सगळीकडे सारखी पातळ करायची.

मुरायला दोन तास पुरेत, घाईत अर्धा तासही. तव्यावर दोन्ही बाजू धरून दहा-बारा मिनिटं, आणि हाच वेळ फरसबी, गाजर, कांदा यांना लागतो. चिकन इथं जिंकतं ते याच जुळणीमुळे. चिकन मात्र पूर्ण शिजलंच पाहिजे: आतलं तापमान ७४ अंश सेल्सिअस. थर्मामीटर कुणाच्या घरी असतो? सर्वांत जाड जागी सुरी घालून बघायची. रस पाण्यासारखा स्वच्छ आणि मांस पांढरं दिसलं की झालं.

गावरान कोंबडी या बेताला आणू नये. तिचा रस्साच करावा.

पनीर: झटपट, पण एक अडचण

पनीरमध्ये मसाला आत शिरत नाही, वरच राहतो. म्हणून ते तासन्‌तास मुरत ठेवण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा बोटभर जाड लाद्या कापून पंधरा मिनिटं मिठाच्या कोमट पाण्यात ठेवा. मऊही राहतात आणि आतपर्यंत अळणी लागत नाहीत. मग टिपून, मसाला चोळून, एका बाजूला दोन मिनिटं, दुसऱ्या बाजूला दोन मिनिटं. ते वितळत नाही, म्हणून नवख्या माणसालाही जमतं. जास्त वेळ ठेवलं तर मात्र चिवट होतं.

म्हणजे इथं क्रम उलटा लागतो: आधी भाज्या, त्या काढून पनीर, शेवटी सगळं एकत्र. मटण-चिकनमध्ये आधी मांस, मग त्याच्या चरबीत भाज्या.

अडचण तव्याची. सोलापुरात मांसाहाराचा तवा वेगळा ठेवणारी घरं भरपूर आहेत, सोमवार आणि श्रावण पाळणारी त्याहून जास्त. निम्म्यांना चिकन आणि निम्म्यांना पनीर असा समझोता केला की दोन तवे आले, दोन उलथनी आली, आणि एका तव्याचा बेत तिथंच बारगळला. म्हणून वर म्हटलं, घर मिश्र असेल तर सगळ्यांनाच पनीर.

उजनीची मासळी राहिली. रोहू-कटल्याच्या आडव्या तुकड्या तव्यावर छानच होतात, पण काटे काढत भाजी खाणं मुलांना जमत नाही आणि मासा लिंबात अर्ध्या तासाहून जास्त ठेवता येत नाही. चिलापी त्या मानाने सोपी. तरीही मासळी वेगळी तळावी, भाज्या वेगळ्या, असंच मला वाटतं.

मुरवण आणि आपले मसाले

मीठ हाच मुरवणातला खरा कामाचा भाग; ते हळूहळू आत जातं. लिंबू, दही, मसाला, लसूण यांचं काम बहुतेक वरच्या थरापुरतं. अर्ध्या किलोला पाऊण चमचा मीठ, दोन चमचे शेंगदाण्याचं किंवा करडईचं तेल, सात-आठ पाकळ्या ठेचलेला लसूण, भरड मिरी, अर्ध्या लिंबाचा रस. सोया सॉस घालणार असाल तर मीठ निम्मं करा.

आता पुसण्याबद्दल. वर ओल असेल तोवर तव्याची सगळी उष्णता पाणी उडवण्यात जाते आणि पृष्ठभाग १०० अंशांच्या वर सरकत नाही. तांबूस रंग आणि भाजल्याचा वास यायला साधारण १४० अंश लागतात. लेपासकट टाकलेला तुकडा म्हणून पांढरट उकडतो. आधी टिपून घेतलेला चर्र आवाज करतो. तो आवाज आला नाही तर तुकडा उचलून घ्या आणि तवा आणखी तापू द्या.

काळा मसाला मुरवणात घालायचा मोह होतो. घालू नका. तो आधीच भाजलेला असतो, त्यात सुकं खोबरं असतं. तापल्या तव्यावर पुन्हा भाजला की कडवटतो. अर्धा चमचा शेवटी, दोन चमचे पाण्याबरोबर. गूळ-मधाचंही तेच, साखर लगेच जळते. शेंगा चटणी तर गॅस बंद केल्यावरच भुरभुरायची. खलबत्त्यातली, तेल सुटलेली चटणी असेल तर गरम चिकनवर पडताच लसणाचा वास उठतो आणि वेगळा कुठलाही सॉस लागत नाही.

एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा मुरवण ओट्यावर ठेवायचं नाही, फ्रिजमध्येच. कच्चं मांस ज्यात होतं ते उरलेलं मुरवण ताटात ओतायचं नाही. वापरायचंच तर खळखळून उकळून.

तवा कुठला?

बिडाचा. जाड, खोलगट, दहा-बारा इंची. तापायला वेळ घेतो, पण थंड तुकडा पडला तरी उष्णता सोडत नाही. नॉनस्टिक हलका आणि धुवायला सोपा, पण रिकामा कडकडीत तापवणं त्याच्या लेपाला सोसत नाही, आणि या बेताला तर कडकडीतच तवा हवा. पनीरपुरतं नॉनस्टिक ठीक आहे. बिडाची एक खोड सांगायला हवी: लिंबू, टोमॅटो त्यात फार वेळ राहिले तर चव लोखंडी होते आणि तव्याचा तेलकट थर निघतो. म्हणून आंबट शेवटी आणि थोडं. धुतल्यावर लगेच कोरडा करून तेलाचा हात फिरवायचा. इंडक्शन असेल तर बूड सपाट बघून घ्या.

गर्दी करू नका, हे तव्याच्या आकाराइतकंच महत्त्वाचं. चौघांसाठी अर्धा किलो चिकन एकदम घातलं की पाणी सुटतं आणि सगळं त्यातच शिजतं. दोन हप्त्यांत भाजा.

भाज्या

बटाटा आधी अर्धा उकडूनच, नाहीतर तो एकटा सगळ्यांना ताटकळत ठेवतो. मग गाजर-फरसबी, तीन-चार मिनिटांनी कांद्याच्या जाड फोडी, शेवटी ढोबळी मिरची. मशरूमला पाणी सुटतं, ते बाजूला मोकळ्या जागेत भाजावं. वांगं तेल पितं, पण मटणाच्या चरबीत परतलेलं वांगं मला स्टेकहाउसच्या कुठल्याही भाजीपेक्षा सरस वाटतं. टोमॅटो नकोच. कांद्याची सोलापुरात ददात नाही, तेव्हा वाटतो त्याच्या दुप्पट घ्या. तव्यावर तो निम्मा होतो.

सगळं काढून झालं की तव्याच्या बुडाशी तांबूस खरवड राहते. गॅस चालू ठेवून अर्धी वाटी पाणी घालायचं, उलथन्याने खरवडायचं, काळा मसाला टाकायचा, एक उकळी, वरून लिंबू. नॉनस्टिकमध्ये ही खरवड धरतच नाही, बिडाच्या बाजूने हा माझा शेवटचा मुद्दा. या रसात पाव बुडवण्यापेक्षा कडक भाकरी चुरून बघा. कडा कुरकुरीत राहतात आणि मधला भाग रस पिऊन मऊ होतो. ज्वारीची ताजी भाकरी केली तर अर्थातच आणखी एक तवा आला, ते तुमचं तुम्ही ठरवा.

उरलं तर चिकन दुसऱ्या दिवशी डब्यात पोळीत गुंडाळून जातं, गरम न करताही बरं लागतं. फक्त रात्री तासाभरात फ्रिजमध्ये गेलेलं असावं. मटणाच्या चापा पुन्हा तव्यावर घेतल्या तर कडक होतात, त्या रस्स्यात सोडाव्यात. पनीर उरवू नये, मोजूनच करावं: माणशी शंभर ग्रॅम.